घरासमोरचा रस्ता आणि ताशी ३० किलोमीटर

आमच्या ले-आऊटमधला, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या आमच्या वस्तीतला, रस्ता डांबरी होता तेव्हा त्यावर जागोजागी खड्डे होते, पावसाळ्यात त्यांत पाणी साचत असे आणि दरवर्षी जुलै महिन्यात आम्ही सगळे मिळून त्याविषयी अर्ज करत असू. पुढे नागपुरातल्या अनेक वस्त्यांप्रमाणे आमच्या त्रिमूर्तीनगरच्या बाजूचा हा रस्ताही सिमेंटचा झाला, खड्डे गेले आणि आम्हा सर्वांना बरे वाटले. त्या खड्ड्यांबरोबर आणखीही काही गेले होते, हे लक्षात यायला मात्र दोन वर्षे लागली. जुन्या रस्त्यावर ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे कोणालाच जाता येत नव्हते. ती वेगमर्यादा कोणी ठरवलेली नव्हती आणि तिचा फलकही नव्हता, तरीही ती चोवीस तास पाळली जात होती. रस्ता गुळगुळीत करताना आम्ही ती मर्यादा काढून टाकली आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही ठेवली नाही.

गेल्या एप्रिलमध्ये सकाळी साडेसहाच्या सुमारास शेजारच्या काकू फाटकासमोर रांगोळी काढून उठल्या आणि ती नीट दिसावी म्हणून दोन पावले मागे सरकल्या. त्याच वेळी रिंग रोडकडून आत आलेल्या एका दुचाकीची त्यांना धडक बसली. काकूंचे वय सदुसष्ट आहे. त्यांचे उजवे मनगट आणि खुबा मोडला, शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे तीन महिने त्या वॉकर धरून घरातल्या घरात चालत होत्या. गाडी चालवणारा मुलगा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होता, त्याच्याकडे परवाना होता आणि डोक्यावर हेल्मेटही होते. तो पळून गेला नाही; स्वतःच्या सोललेल्या गुडघ्यांकडे न बघता रिक्षा थांबवायला तोच धावला. तो पुन्हा पुन्हा सांगत होता, "त्या एकदम समोर आल्या हो." काकू आजही म्हणतात, "गाडी कुठून आली ते मला दिसलंच नाही." मी त्या वेळी माझ्या फाटकाशी वर्तमानपत्र घ्यायला उभा होतो. दोघेही खरे बोलत आहेत, असे मी तेव्हाही म्हटले आणि आजही म्हणतो.

माझी सगळी नोकरी पाटबंधाऱ्यांच्या कामांवर मोजमापे घेण्यात आणि मोजमाप पुस्तकात नोंदी करण्यात गेली. त्यामुळे दोन खरी माणसे एकमेकांना इतकी अनपेक्षित कशी ठरली, याचे उत्तर मी टेप घेऊन शोधायला निघालो. एका रविवारी सकाळी नातवाला सोबत घेतले आणि काकूंच्या फाटकापासून रिंग रोडच्या दिशेने अंतरे मोजून खडूने रेघा मारल्या. समोर काही दिसल्यापासून ब्रेक दाबला जाईपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो, असे मी धरले. रस्ता कोरडा आणि दुचाकीचे ब्रेक बऱ्यापैकी आहेत, असेही धरले. ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी त्या एका सेकंदात सव्वाआठ मीटर पुढे जाते, ब्रेक लागल्यावर आणखी सुमारे सात मीटर जाते आणि एकूण पंधरा मीटरच्या आसपास थांबते. ताशी ५० वेगाची गाडी ब्रेक दाबण्यापूर्वीच जवळजवळ चौदा मीटर गेलेली असते आणि ती थांबते तेहेतीस मीटरवर.

आमच्याकडे बहुतेक प्लॉट तीस बाय पन्नासचे, म्हणजे रस्त्याकडची बाजू तीस फूट, असे आहेत. म्हणून ही अंतरे मला प्लॉटांच्या हिशेबात अधिक नीट कळली: तीसच्या वेगाची गाडी दोन प्लॉट पूर्ण होण्याच्या आत उभी राहते, तर पन्नासच्या वेगाची गाडी थांबेपर्यंत साडेतीन प्लॉट ओलांडते. खरी गोष्ट मात्र त्या पंधरा मीटरच्या रेघेवर उभे राहिल्यावर कळते. तीसच्या वेगाची गाडी जिथे पूर्ण थांबलेली असते, तिथे पन्नासच्या वेगाच्या गाडीचे ब्रेक नुकतेच लागू लागलेले असतात आणि तिचा वेग अजून ताशी ४८ च्या आसपास असतो. पंधरा मीटरवर एखादी वयस्क बाई मागे सरकली, तर पहिल्या मुलाला काळजात धस्स होईल आणि तो पुढे निघून जाईल. दुसरा मुलगा मात्र कितीही सावध असला तरी जवळजवळ पूर्ण वेगाने तिच्यावर आदळेल. त्या सकाळी त्याचा वेग नेमका किती होता ते मी सांगू शकत नाही. ब्रेकचा आवाज धडकेनंतर आला, इतके मात्र मी स्वतः ऐकले आहे.

धडकेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. वेग तीसवरून पन्नासवर गेला की तो दीडपटीहून थोडाच अधिक होतो, पण गाडीतील ऊर्जा पावणेतीन पटींनी वाढते. हे घराच्या भाषेत सांगायचे तर, ताशी तीसच्या वेगाने आदळणे म्हणजे साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून खाली पडण्यासारखे आहे आणि पन्नासच्या वेगाने आदळणे म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तीन मजली फ्लॅट स्कीमच्या गच्चीवरून पडण्यासारखे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. वस्तीत ताशी पाच-दहा किलोमीटरने काय मोठा फरक पडतो, असे विचारणाऱ्यांना मी हा आकडा सांगतो.

नंतरचे काही दिवस मी संध्याकाळी फाटकापाशी खुर्ची टाकून बसलो. समोरच्या दोन विजेच्या खांबांमधले अंतर टेपने बरोबर चाळीस मीटर भरले. ते अंतर तीसच्या वेगाची गाडी पावणेपाच सेकंदांहून थोड्या जास्त वेळात पार करते आणि पन्नासच्या वेगाची तीन सेकंदांच्या आत, त्यामुळे मोबाइलचे घड्याळ वेग ताडायला पुरेसे होते. शिकवणी सुटण्याच्या वेळी, साडेसात ते साडेआठच्या दरम्यान, तीन सेकंदांच्या आत जाणाऱ्या गाड्या इतक्या होत्या की पहिल्या दिवसानंतर मी मोजणे सोडून दिले. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, चारचाकी सर्वांत वेगाने जातात. मे महिन्यातले नागपूरचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या दुपारचा रिकामा रस्ता डोळ्यांसमोर येईल. तो रिकामा वाटतो म्हणूनच तिथे गाडी सुटते, आणि त्याच वेळी एखादे मूल समोरच्या घरून बर्फाचा ट्रे आणायला धावत निघते.

यात दोन प्रकारची माणसे होती. काही जण रिंग रोडच्या चौकातला सिग्नल टाळण्यासाठी आमच्या ले-आऊटमधून आडवे काढणारे होते आणि त्यांच्यावर राग काढणे आम्हाला सोपे होते. परंतु मला चेहऱ्याने ओळखू आलेल्या गाड्यांपैकी बहुतेक आमच्याच घरांतल्या होत्या. दवाखान्यातून घाईने परतणारे आमचेच डॉक्टर, आमचीच मुले, दूध आणायला निघालेले आमचेच जावई. मी स्वतःही डांबरी रस्ता गेल्यापासून किती वेगाने घरी येतो हे कधी पाहिले नव्हते. पाहिले तेव्हा काटा पंचेचाळीसवर होता.

आता कायद्याकडे पाहू. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये काढलेल्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी प्रवासी कारची कमाल मर्यादा ताशी ७० आणि दुचाकीची ताशी ६० किलोमीटर ठेवलेली आहे. तीत वर्धा रोड आणि आमची वीस-पंचवीस फुटांची गल्ली असा भेद नाही. दोन्ही महापालिका हद्दीतच येतात. म्हणजे स्थानिक पातळीवर त्याहून कमी मर्यादा लावलेली नसेल, तर काकूंच्या फाटकासमोरून पंचावन्नच्या वेगाने जाणारा मुलगा वेगमर्यादेचा भंग करतो असे म्हणता येत नाही. निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा वेगळा आहे, पण तो बहुधा कोणाचे तरी हाड मोडल्यानंतर नोंदवला जातो.

हे बदलण्याचा अधिकारही कायद्यातच आहे आणि त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ अन्वये राज्य शासन, किंवा शासनाने अधिकार दिलेले प्राधिकरण, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या भागापुरती किंवा एखाद्या रस्त्यापुरती कमी वेगमर्यादा ठरवू शकते. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना काढावी लागते आणि योग्य ठिकाणी फलक लावावे लागतात. त्याच कलमात अशी तरतूद आहे की निर्बंध एका महिन्यापेक्षा जास्त काळासाठी नसेल तर राजपत्रातील अधिसूचनेचीही गरज नाही. मला ही तरतूद फार मोलाची वाटते. एका वस्तीत एक महिना ताशी ३० ची मर्यादा लावून, आधीचे आणि नंतरचे वेग मोजून, मगच कायमचा निर्णय घेता येईल. रहिवाशांनाही ते पटवून देणे सोपे जाईल.

या तीसच्या आकड्यामागे आता मोठा अनुभव आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून सगळ्या शहरात ताशी ३० ची मर्यादा लावली. आधी नागरिकांचा विरोध होता आणि अंमल सुरू झाल्यावर बहुसंख्य लोक तिच्या बाजूने झाले. रस्ते सुरक्षेविषयीच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पादचारी, सायकलस्वार आणि वाहने नित्य एकमेकांत मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा ठेवावी, असे स्पष्ट म्हटले गेले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्या जाहीरनाम्याला पाठिंबा दिला. वेल्सचे उदाहरण मला जास्त शिकवणारे वाटते. तिथे १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी २० मैलांची, म्हणजे ३२ किलोमीटरची मर्यादा आली. त्याविरुद्धच्या निवेदनावर साडेचार लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या, आणि काही रस्त्यांचा फेरविचार करण्याची मुभा स्थानिक संस्थांना द्यावी लागली. तरीही पहिल्या वर्षभरात या रस्त्यांवर जखमी होणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली. यातून मी एवढेच घेतो की कोणते रस्ते तीसमध्ये यावेत आणि कोणते येऊ नयेत, हे आधी लोकांबरोबर बसून ठरवले पाहिजे. रिंग रोड, अमरावती रोड, सेंट्रल अॅव्हेन्यू यांवर तीसची मर्यादा लावा, असे कोणीही म्हणत नाही. मागणी आहे ती ज्या रस्त्यावर घरांची फाटके उघडतात त्या रस्त्यापुरती.

आपल्या देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या रकान्यात आहेत. मृतांमध्ये ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे आणि १९ टक्क्यांहून अधिक पायी चालणारे होते. वस्तीतल्या रस्त्यांवर जी दोन प्रकारची माणसे सर्वांत जास्त असतात, ती हीच.

फलक लावल्याने कोण ऐकतो, हा प्रश्न आमच्या बैठकीत पहिल्याच पाच मिनिटांत आला आणि तो योग्य आहे. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेग मोजणारा पोलीस उभा करता येणार नाही. म्हणून काकूंच्या अपघातानंतर पंधरा दिवसांत आमच्यापैकी काही जणांनी, आणि त्यांत मीही होतो, स्वतःच उपाय केला. एका घराचे बांधकाम चालू होते, तिथून सिमेंट आणि गिट्टी घेतली आणि रात्री दहा वाजता रस्त्यावर आडवा गतिरोधक घातला. तो फूटभर रुंद आणि जवळजवळ अर्धा फूट उंच झाला. तिसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारात दूधवाल्याची गाडी त्यावरून उडाली, कॅन फुटून दूध सांडले आणि त्याच्या कोपराला सहा टाके पडले. त्याने मला एवढेच म्हटले, "काकाजी, ब्रेकर बनवलं ते ठीक हाय, पण पट्टे तरी माराचे होते ना." त्याच दुपारी आम्ही तो फोडून काढला. परवानगीविना रस्त्यावर गतिरोधक बांधणे मुळातच नियमाला धरून नव्हते. मोजमापात उभा जन्म घालवलेल्या माणसाने माप न पाहता ते काम केले, याचे मला फार वाईट वाटले आणि दूधवाल्याच्या घरी जाऊन मी ते सांगितले.

माप शोधायला गेलो तर ते कधीपासून ठरलेले आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. तो ताशी २५ च्या वेगाने विनाधक्का ओलांडता येतो आणि त्याहून वेगात मात्र झटका देतो. त्यावर पांढरे पट्टे हवेत आणि चाळीस मीटर आधी सूचनाफलक हवा. म्हणजे नीट बांधलेला गतिरोधक गाडी आदळवत नाही, तो फक्त ठरलेला वेग मागतो. आपल्या शहरात जिकडे तिकडे दिसणारे अरुंद उंचवटे आणि निखळलेल्या रबरी पट्ट्यांमुळे गाडी प्रथम जवळजवळ थांबते आणि मग तो वेळ भरून काढण्यासाठी अधिक जोराने सुटते. गरोदर बायका, पाठीचे रुग्ण आणि रुग्णवाहिका या सगळ्यांची गतिरोधकाविरुद्धची तक्रार खरे म्हणजे चुकीच्या मापाविरुद्धची तक्रार आहे.

गतिरोधकापेक्षाही महत्त्वाचे आहे ते रस्त्याचे तोंड. रिंग रोडवरून आमच्या ले-आऊटमध्ये वळताना सिमेंटचा कोपरा इतका ऐसपैस गोल केलेला आहे की वळणावर वेग कमी करण्याची गरजच पडत नाही. मोठ्या रस्त्याचा वेग तसाच्या तसा आत येतो. तोच कोपरा थोडा आवळला आणि तोंडाशीच रस्ता चार इंच उंच करून त्यावर पादचारी पट्टे मारले, तर आत येणाऱ्याला आपण वस्तीत शिरलो हे फलक न वाचताही कळेल. दुसरी गोष्ट कडेची. सिमेंटचा थर जुन्या रस्त्याच्या वर चढवल्यामुळे त्याची कड बाजूच्या मातीपासून वीतभर उंच राहिली आहे आणि कित्येक घरांसमोर गट्टू, म्हणजे कडेला बसवायचे सिमेंटचे ठोकळे, अजून बसलेले नाहीत. मागून गाडी आली तर म्हाताऱ्या माणसाला त्या कडेवरून खाली उतरता येत नाही, म्हणून तो सिमेंटवरूनच चालतो, आणि मग तो रस्त्याच्या मधोमध चालतो अशी तक्रार होते. (याच उंचीमुळे पावसाचे पाणी अंगणात शिरते ते वेगळेच, त्यावर पुन्हा कधी लिहीन.) गट्टू बसले, त्यांवरून सलग चालता आले आणि अधूनमधून कडुलिंबाचे झाड लावून रस्ता डोळ्यांना थोडा अरुंद दिसू लागला, तर वेग आपोआप उतरतो.

वेळ वाया जाईल, हा आक्षेप मी गंभीरपणे तपासून पाहिला. रिंग रोडपासून आमच्या ले-आऊटच्या शेवटच्या घरापर्यंतचे अंतर आठशे मीटर आहे. कुठेही न थांबता पन्नासच्या वेगाने त्याला ५८ सेकंद लागतात आणि तीसच्या वेगाने ९६ सेकंद. म्हणजे ज्याचे घर सर्वांत लांब आहे त्याचेही जास्तीत जास्त ३८ सेकंद जातील, आणि वळणे, गायी व उभ्या गाड्या धरल्या तर त्याहून कमीच. हा हिशेब मी बैठकीत फळ्यावर लिहिला तेव्हा त्यावर कोणी काही बोलले नाही.

वर्षातल्या एका दिवशी मात्र आमच्या रस्त्यावर वेग नसतोच. तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मुले लाकडी बैल सजवून, कोणी शेतकऱ्याच्या तर कोणी शिवाजी महाराजांच्या वेशात रांगेने निघतात. तेव्हा आम्ही रस्त्याच्या दोन्ही टोकांना दोन मोटारी आडव्या लावून ठेवतो. या वर्षी काकू वॉकर सोडून काठी टेकत फाटकाबाहेर आल्या आणि दीड तास रस्त्यात खुर्ची टाकून बसल्या. मुलांच्या हातावर त्या एकेक नाणे ठेवत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रांगोळी पुन्हा फाटकाच्या आत, दोन पायऱ्या आणि तुळशीवृंदावन यांच्यामधल्या हातभर जागेत आली. ती जागा मला रोज सकाळी दिसते.

आम्ही अर्ज केला आहे. त्यात एका महिन्यासाठी प्रायोगिक तत्त्वावर ताशी ३० ची मर्यादा आणि दोन्ही तोंडांना फलक, ठरलेल्या मापाचे पट्टे मारलेले तीन गतिरोधक, आणि राहिलेले गट्टू एवढ्याच मागण्या आहेत. सोबत अंतरांचा नकाशा आणि संध्याकाळच्या वेगांची माझी वही जोडली आहे. शेवटचा परिच्छेद बैठकीत बराच वेळ अडला होता, कारण त्यात सह्या करणाऱ्या प्रत्येक घराने, शासनाच्या निर्णयाची वाट न पाहता, आपल्या घरातली प्रत्येक गाडी ले-आऊटमध्ये तीसच्या आत चालवण्याची लेखी हमी दिली आहे. दोन घरांनी त्यामुळेच सही करायला नकार दिला. बाकीच्यांनी केली. काकूंना धडकलेल्या त्या मुलाचे वडील, जे आमच्या ले-आऊटमध्ये राहतही नाहीत, एका संध्याकाळी स्वतःहून आले. मी पुसट झालेल्या रेघा त्यांना दाखवल्या. पंधराच्या रेघेपासून तेहेतीसच्या रेघेपर्यंत ते एकदा चालत गेले, परत आले आणि मला मुलासाठी अर्जाची एक प्रत मागितली.